उभ्या गाडीचे दिवे

आईवडील जूनमध्ये मुलीकडे परदेशी जातात. गाडीवर कव्हर चढतं, किल्ली शेजाऱ्यांकडे राहते आणि दिवाळीच्या तोंडावर दोघं परत येतात. बोटीवर नोकरी असलेल्यांच्या घरी हे दरवर्षीचंच असतं. कोकणातल्या घरी ठेवलेली, गणपती आणि शिमगा सोडला तर अंगणाबाहेर न पडणारी गाडीही याच जातीची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर देशातल्या बहुतेक खासगी गाड्या एकाच वेळी अशा उभ्या राहिल्या.

परत आल्यावर कव्हर निघतं, किल्ली फिरते आणि डॅशबोर्डवर दिव्यांची रांग लागते. इंजिनाचं पिवळं चिन्ह, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, घसरणारी गाडी, बॅटरी, ऑइलची किटली. माणूस घाबरतो तो या दिव्यांच्या संख्येला. आणि नेमकं तेच करू नये. बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीत एकदम सहा-सात दिवे लागले, तर ते बहुधा सहा-सात बिघाड नसतात. एकच असतो, आणि तो बॅटरीत असतो. याउलट बाकी सगळं शांत असताना एकटाच पेटून राहिलेला लाल दिवा फार गंभीर असू शकतो. त्यामुळे दिवे मोजायचे नाहीत, वाचायचे. कोणता दिवा, कोणत्या रंगाचा, कोणाच्या सोबतीने, आणि किती सेकंद लागला, या चार गोष्टी नीट पाहिल्या तर गॅरेजमध्ये जाण्याआधीच निम्मं निदान आपल्या हातात असतं.

रंगांचा संकेत जगभर सारखाच आहे. चिन्हांसाठी आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणून जपानी गाडीतली ऑइलची किटली आणि भारतीय गाडीतली किटली एकसारखी दिसते. लाल म्हणजे आत्ता थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात. काही गाड्यांत इंजिन थंड असेपर्यंत निळा थर्मामीटर दिसतो. काटा असलेल्या जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर आलेले लोक त्याला उगाच बिचकतात.

आता पहिली कृती. किल्ली फिरवायची, पण सेल्फ मारायचा नाही. फक्त ‘ऑन’पर्यंत न्यायची. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की बहुतेक गाड्या या अवस्थेत येतात. या वेळी जवळजवळ सगळे दिवे लागतात, आणि ते लागायलाच हवेत. गाडी स्वतःचे दिवे तपासते आहे. एबीएसचा दिवा साधारण तीन सेकंदांत, एअरबॅगचा पाच-सात सेकंदांत विझतो. ऑइल आणि बॅटरी हे दोन दिवे इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहतात, इंजिनाचं पिवळं चिन्हही बहुतेक गाड्यांत तसंच. इंजिनच सुरू नाही तर ऑइलला दाब कुठून येणार आणि अल्टरनेटर वीज कुठून देणार? तेव्हा त्या क्षणी त्यांचं जळणं हीच त्यांची प्रकृती ठीक असल्याची खूण.

या दहा-पंधरा सेकंदांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. मेकॅनिकला ‘काहीतरी पिवळं लागलं होतं’ असं सांगण्यापेक्षा तो व्हिडिओ शंभरपट कामाचा असतो, कारण कोणता दिवा कधी विझला हे त्यात दिसतं. शिवाय एखादा दिवा मुळात लागलाच नाही तर तेही त्यात सापडतं. न लागणारा दिवा हाही बिघाडच. जुनी गाडी विकताना एअरबॅगचा दिवा काढून टाकण्याची किंवा झाकण्याची लबाडी होते, ती पकडण्याची ही सोपी जागा आहे.

आधी बॅटरी

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाची आणि आम्लाची पुनःपुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. बोनेटखाली आज जी बॅटरी असते ती तत्त्वतः तीच आहे. सहा कप्पे, प्रत्येकात साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण चार्ज असलेली आणि काही तास निवांत राहिलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२.० ला ती पाव उरलेली असते आणि ११.८ च्या खाली रिकामीच समजायची. एरवी ज्याला आपण ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणतो ती नेमकी बारा दाखवत असेल तर ती उतरलेली आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

उभ्या गाडीत ती का उतरते? एक तर कोणतीही बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू रिकामी होते. वीस-पंचवीस अंश तापमानाला हा ऱ्हास महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के असतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो जवळपास दुप्पट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीची बॅटरी महाबळेश्वरातल्या गाडीपेक्षा लवकर का बसते, याचं उत्तर इथेच आहे.

पण मोठा खर्च वेगळाच असतो. गाडी कुलूप लावून उभी असली तरी ती पूर्ण झोपलेली नसते. घड्याळ, किल्ली ओळखणारी यंत्रणा, रिमोटची वाट पाहणारं रिसीव्हर, अलार्म, संगणकांची स्मृती या सगळ्यांना थोडी थोडी वीज लागते. वीस ते पन्नास मिलिअँपिअर एवढी ही गळती सामान्य मानली जाते. पन्नास मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे महिन्याभरात ती कोरडी. गळती तीस मिलिअँपिअर असली तरी चोवीस-पंचवीस दिवसांत निम्मी. त्यात कोणी नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम असेल तर विचारायलाच नको. १९८३ च्या मारुती ८०० मध्ये कार्बोरेटर होता, इंजिनावर संगणक नव्हता, त्यामुळे ती गाडी बंद केली की खरोखर बंद असे. ‘पूर्वी गाड्या महिनोन्महिने उभ्या राहायच्या आणि एका सेल्फला चालू व्हायच्या’ असं जे जुने लोक सांगतात, ते खोटं नाही.

उतरलेल्या अवस्थेत बॅटरी जितकी जास्त राहील तितका तिच्या पट्ट्यांवर जमलेला लेड सल्फेट कठीण होत जातो. सुरुवातीला चार्जिंगने तो परत विरघळतो, नंतर विरघळत नाही. म्हणून दोन महिने उतरून पडलेली बॅटरी चार्ज केली तरी तिची ताकद पहिल्यासारखी येईलच असं नाही.

आता दिव्यांकडे येऊ. इमारतीच्या टाकीत पाणी कमी झालं की सगळे नळ एकदम बंद होत नाहीत. वरच्या मजल्यावरचे आधी सुकतात. गाडीतही व्होल्टेज पडला की जास्त नाजूक यंत्रणा आधी तक्रार करतात. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर ओढते. चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज त्या वेळी दहाच्या आसपास टिकतो. अशक्त बॅटरी नऊच्या, आठच्या खाली जाते. तेवढ्यात एबीएसचा संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, स्टिअरिंगचा संगणक गोंधळतो, एअरबॅगचा संगणक ‘व्होल्टेज कमी’ अशी नोंद करून दिवा लावून ठेवतो. त्यात हे सगळे संगणक एकमेकांशी बोलत असतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ‘कॅन’ नावाची दोन तारांची पद्धत त्यासाठी वापरली जाते. एक संगणक दोन सेकंद गप्प झाला की बाकीचे ‘त्याच्याकडून निरोप आला नाही’ अशा आपापल्या नोंदी करतात. तक्रारी आठ, कारण एक. एबीएसचा पंप, स्टिअरिंगची मोटर असे हजारो रुपयांचे सुटे भाग या गोंधळात उगाच बदलले जातात. माझं ठाम म्हणणं आहे की बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासल्याशिवाय उभ्या गाडीतला एकही महागडा भाग बदलू देऊ नये.

मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि गाडी असलेल्या प्रत्येक घरात तो असावा. निवांत बॅटरीचा आकडा, सेल्फ मारतानाचा आकडा, इंजिन चालू असतानाचा आकडा, एवढे तीन घ्यायचे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर काम करतोय. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतात. तो १२.५ च्या खालीच घुटमळत असेल आणि बॅटरीचा लाल दिवा जळत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती स्वच्छ होते. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

उतरलेली बॅटरी चार्जरवर सावकाश चार्ज करणं सर्वांत उत्तम. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह द्यायचा, म्हणजे रात्रभराचं काम. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला तर गाडी सुरू होईल, पण अर्धा तास जागेवर चालू ठेवून बॅटरी भरत नाही. जंप देताना लाल वायर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि काळ्या वायरीचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथे नको. धक्का मारून गाडी सुरू करण्याची आपल्याकडची जुनी सवय आजच्या गाडीला मानवत नाही: ऑटोमॅटिकमध्ये ते जमतच नाही, आणि पेट्रोल गाडीत न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं नुकसान करतं.

आणखी एक सवय मात्र खरोखर धोक्याची आहे. अल्टरनेटर चालतो का पाहायला इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर ठीक. कार्बोरेटरच्या काळात हे खपून गेलं. आज बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळतो, आणि तो थेट संगणकांवर आदळतो. गॅरेजमध्ये कोणी असं करायला निघालं तर त्याला थांबवावं, स्पष्ट शब्दांत.

विजेच्या गाड्या आणि हायब्रिड याला अपवाद नाहीत. खालची मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी संगणक आणि दारांची कुलुपं छोट्या बारा व्होल्टवर चालतात. ती उतरली की भरलेल्या बॅटरीची गाडी दारसुद्धा उघडत नाही, किंवा उघडली तरी डॅशबोर्डवर सगळी चिन्हं एकदम दाखवते.

बोनेट उघडल्याशिवाय सेल्फ नको

वीज हा एक भाग झाला. दुसरा म्हणजे उंदीर आणि घुशी. आपल्याकडे उभ्या गाडीचे हे सर्वांत मोठे शत्रू, आणि पावसाळ्यात तर कोरडी, उबदार जागा म्हणून ते बोनेटखालीच येतात. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहावा. त्यात चिंध्या, पालापाचोळा, लेंड्या सापडतात. वायरिंगवरची टेप, सेन्सरच्या बारीक वायरी, कूलंटचा पाइप, पंख्याचा पट्टा, सगळीकडे टॉर्च मारावा. एक कुरतडलेली वायर तीन दिवे लावू शकते. शिवाय अर्धवट कुरतडलेली वायर आधी काही दाखवत नाही आणि पहिल्या खड्ड्यात तुटते. बॅटरी चार्ज केल्यावर जे दिवे उरतात त्यांच्या मागे बऱ्याचदा हेच असतं.

मग गाडीखालची जमीन पाहावी. ऑइलचा डाग, कूलंटची हिरवट किंवा गुलाबी ओल, चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइल. डिपस्टिक काढून ऑइल किती आहे ते पाहावं, आणि त्याचा रंगही. दुधाळ ऑइल म्हणजे त्यात पाणी शिरलं आहे. तळमजल्याच्या किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये पुराचं पाणी आलं होतं का, हे वॉचमनला विचारावंच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीचं पाणी ओसरल्यावर घाईने सेल्फ मारला तर वाचलेलं इंजिनही हातचं जातं, कारण पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. चटई ओली असेल, आसनाखाली चिखलाची रेघ दिसत असेल तर किल्लीला हात लावू नये. गाडी टो करून न्यावी.

ऑइलची किटली

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. तो दाब सांगतो. इंजिनाच्या अंगात एक छोटा स्विच असतो. ऑइलचा दाब ठरावीक किमान पातळीच्या खाली गेला की तो दिवा लावतो. ती पातळीही फार कमी ठेवलेली असते. म्हणजे चालत्या गाडीत हा दिवा लागला, तर बेअरिंगला मिळणारं संरक्षण संपत आलं आहे असाच अर्थ घ्यायचा. ‘घरापर्यंत नेतो, मग बघतो’ या विचाराने आजवर किती इंजिनं जाम झाली असतील! दिवा बारीक दिसतो म्हणून लोक त्याला बारीक समजतात, हे पाहून वाईट वाटतं.

उभ्या गाडीत ऑइल वरच्या भागांतून निथळून खालच्या सम्पमध्ये जमा झालेलं असतं. त्यामुळे पहिल्या सेल्फला दिवा एरवीपेक्षा क्षणभर उशिरा विझतो, आणि वरून टकटक आवाजही येतो. दोन-तीन सेकंद हरकत नाही. पाच-सहा सेकंद झाले तरी दिवा जळतोच आहे तर इंजिन लगेच बंद करायचं. वर्षभर किंवा त्याहून जास्त उभ्या गाडीत जाणता मेकॅनिक आधी इंधनपंपाचा फ्यूज किंवा रिले काढतो आणि थोडा थोडा सेल्फ मारतो. इंजिन पेट घेत नाही, नुसतं फिरतं, ऑइल सगळीकडे चढतं, दिवा विझतो. मग फ्यूज लावून गाडी सुरू करतो. यात पाच मिनिटं जातात आणि इंजिनाचं आयुष्य वाचतं. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं ॲक्सिलरेटर अजिबात दाबू नये.

दाब खरंच कमी आहे की स्विच खराब आहे, याचा निवाडा गेज लावूनच होतो. ‘स्विच बदला, दिवा जाईल’ असं कोणी म्हणालं तर आधी गेज लावून दाब मोजायला सांगा.

ब्रेकचा लाल दिवा आणि त्याचे सोबती

गोलातलं उद्गारचिन्ह तीन वेगळ्या गोष्टी सांगतं. हँडब्रेक ओढलेला आहे, ब्रेक ऑइल कमी आहे, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा बंद आहे. हँडब्रेक पूर्ण सोडूनही दिवा राहिला तर बाटलीतली पातळी पाहायची. कमी असेल तर नुसतं वरून ओतून मोकळं व्हायचं नाही. ब्रेक ऑइल उडून जात नाही. एक तर पॅड झिजलेत, नाही तर ते कुठेतरी गळतंय. चारही चाकांच्या आत पाहिल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तशी आर्द्रता भरपूर असते. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तोच दंडक १५५ अंशांवर येतो. आंबेनळी किंवा कुंभार्लीसारख्या घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना ऑइल उकळून वाफ झाली तर पेडल पोकळ जातं. म्हणून दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचं, गाडी चाललेली नसली तरी. याची आठवण करून देणारा दिवा मात्र डॅशबोर्डवर नसतो.

पेडलची घरच्या घरी परीक्षा घेता येते. इंजिन बंद असताना चार-पाच वेळा दाबून ते कडक करावं, तसंच दाबून धरून इंजिन सुरू करावं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. दाबून धरलेलं पेडल हळूहळू जमिनीकडे जात राहिलं तर गाडी हलवू नये. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक हँडब्रेक ओढून पावसाळाभर ठेवले तर लायनर ड्रमला गंजून चिकटतात. गाडी जोर लावते पण जागची हलत नाही. रिव्हर्स आणि पहिला गिअर आलटून पालटून अगदी हलका झटका देऊन पाहावा, तेवढ्याने न सुटल्यास चाक खोलावं.

आता पिवळ्या एबीएसकडे. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर चाकाची गती मोजतो. गंज, चिखल, तुटलेली वायर यांनी त्याचा संदेश बिघडतो. भारतात नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे अलीकडच्या सगळ्या गाड्यांत हा दिवा भेटतो. चार्ज बॅटरीवर गाडी सुरू करून मोकळ्या जागेत दहा-वीस किलोमीटरच्या वेगाने थोडं अंतर नेली की अनेकदा तो आपोआप विझतो, कारण चारही चाकांचे संदेश जुळल्याशिवाय यंत्रणा स्वतःला उत्तीर्ण करत नाही. एकटा एबीएस जळत असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त चाकं घसरू न देण्याची मदत नसते. पण एबीएस आणि लाल उद्गारचिन्ह दोन्ही एकत्र असतील, तर जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी चालवत नेऊ नये.

स्टिअरिंगचा आणि घसरणाऱ्या गाडीचा दिवा बॅटरी काढल्यावर किंवा पूर्ण उतरल्यावर लागतो, कारण स्टिअरिंग सरळ कुठे आहे ही नोंद पुसलेली असते. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि थोडं सरळ चालवलं की बऱ्याच गाड्यांत ते दोन्ही दिवे जातात.

एअरबॅगच्या दिव्याशी मात्र घरी खेळू नये. कमी व्होल्टेजची जुनी नोंद किंवा पुढच्या आसनाखालचा सैल झालेला पिवळा कनेक्टर ही नेहमीची कारणं, आणि साफसफाई करताना आसन पुढे-मागे सरकवलं की दुसरं कारण हमखास घडतं. पण त्या पिवळ्या वायरींत मल्टिमीटर किंवा टेस्टलॅम्प खुपसला तर तेवढ्याशा विजेनेही एअरबॅग फुटू शकते. काम करणाऱ्याने बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबूनच कनेक्टरला हात लावायचा असतो. दिवा जळत असेपर्यंत अपघातात एअरबॅग उघडेल असं गृहीत धरू नये.

इंजिनाचं पिवळं चिन्ह

इथे इंधनाचा प्रश्न येतो. पेट्रोलमधला सहज पेट घेणारा हलका भाग महिनोन्महिन्यांत उडून जातो. आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथून पंप इंधन उचलतो तिथे. टाकी जितकी रिकामी, तितकी आत दमट हवा जास्त. इंजिन थरथरतं, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, आणि दिवा लागतो.

दिवा स्थिर असेल आणि गाडी गुळगुळीत चालत असेल तर टाकीत ताजं पेट्रोल भरून, शांतपणे चालवत गॅरेज गाठता येतं. दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आहे. तेव्हा बाजूला घेऊन इंजिन बंद करावं.

डिझेल गाडीत फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा वेगळा दिवा असतो. तो लागला तर फिल्टरखालचा बूच सैल करून पाणी काढायचं, ते काम सोपं आहे. बीएस ६ डिझेलमध्ये काजळीच्या फिल्टरचा दिवा उभं राहिल्याने नाही, तर आधी आणि नंतर केलेल्या छोट्या छोट्या फेऱ्यांनी लागतो. त्याला महामार्गावरचा सलग वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास हवा असतो. हवेच्या दाबाचा दिवा मात्र सरळ आहे. टायर महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतोच. चारही चाकांत आणि स्टेपनीत हवा भरून घ्यावी. टायरच्या कडेला भेगा दिसल्या तर नुसती हवा पुरणार नाही.

एवढं सगळं करून जो दिवा उरला, त्याच्यासाठी स्कॅनर. भारतात एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लागतो आणि संगणकाने केलेल्या नोंदी वाचता येतात. नोंदीचं पहिलं अक्षर यंत्रणा सांगतं: ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग, ‘बी’ म्हणजे एअरबॅग वगैरे, आणि ‘यू’ म्हणजे संगणकांमधला संवाद तुटला. ‘पी ०५६२’ म्हणजे व्होल्टेज कमी. उभ्या गाडीत ही नोंद आणि तिच्यासोबत ‘यू’च्या पाच-सहा नोंदी दिसल्या, तर आपण वर पाहिलेलीच कहाणी आहे. सगळ्या नोंदींचा फोटो काढा, मगच त्या पुसायला सांगा. पुसून दिवा गेला आणि गाडी चालवल्यावर परत आला नाही, तर तो बॅटरीचा होता. दोन-तीन दिवसांत तीच एक नोंद परत आली, तर त्या एकट्या नोंदीमागे जायचं. फोटो न काढता नोंदी पुसल्या तर मूळ बिघाडाचा मागच पुसला जातो, आणि मग अंदाजाने भाग बदलणं सुरू होतं. इंजिनाचा दिवा तसाही सलग तीन फेऱ्यांत बिघाड न दिसल्यास आपोआप विझतो. त्याची नोंद पुढच्या चाळीस वेळा इंजिन तापेपर्यंत आत राहते.

पहिला मोठा फेरफटका झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बॅटरीचा व्होल्टेज पुन्हा मोजावा. रात्रभर चार्ज करूनही ती सकाळी १२.४ च्या खाली येत असेल तर एक तर ती संपली आहे, नाही तर कुठेतरी गळती जास्त आहे. बॅटरी विकणारे बहुतेक दुकानदार लोड टेस्ट करून देतात. ती ठीक निघाली तर इलेक्ट्रिशियनकडून गळती मोजून घ्यावी.

गाडी पुन्हा काही महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरून, हवा थोडी जास्त ठेवून, सपाट जागी गिअरमध्ये आणि चाकांना दगड लावून उभी करावी. हँडब्रेक सोडलेला असावा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढावं, किंवा जवळ प्लग असेल तर सांभाळून चार्ज ठेवणारा चार्जर लावावा. शेजारच्या मुलाला आठवड्यातून एकदा गाडी पाच मिनिटं जागेवर चालू करायला सांगण्यापेक्षा पंधरा दिवसांनी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणायला सांगणं बरं. जागेवरच्या पाच मिनिटांत सेल्फने घेतलेली वीजसुद्धा धड परत येत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं.